सीसी वाढवणे (शर्यतीच्या इंजिनाची)

कारखान्यातून आलेला ब्लॉक तोच ठेवून सिलिंडरचा व्यास (बोअर) किंवा पिस्टनची धाव (स्ट्रोक) वाढवणे आणि त्यातून अधिक घनक्षमतेचे इंजिन तयार करणे. क्षमता धावेच्या सरळ प्रमाणात, पण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय धाव वाढवायची तर क्रँक बदलावा लागतो. म्हणून मिस्त्रीचा हात आधी बोअरकडे जातो.

जालना जिल्ह्यात ट्रॅक्टर आणि विहिरीवरच्या इंजिनांमुळे बोअरिंग, होनिंग हे शब्द शेतकऱ्यालाही पाठ असतात. मात्र ते काम दुरुस्तीचे. झिजलेला सिलिंडर पाव, अर्धा, फार तर 1 मिमी मोठा करून त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. यामाहा आरएक्स 100 मध्ये व्यास आणि धाव दोन्ही 50 मिमी, क्षमता 98 सीसी. 1 मिमी बोअर वाढवून पदरात पडतात जेमतेम 4 सीसी. ‘बोअर मारल्यापासून गाडी उडते’ असे कोणी सांगितले, तर त्याचे श्रेय बहुधा नव्या रिंगांचे.

खरी वाढ कशी दिसते, हे कारखान्यांनीच दाखवले आहे. आरएक्स 135 ची धाव 50 मिमीच, बोअर मात्र 58. क्षमता 132 सीसी. बुलेट 350 चा बोअर 70 मिमी, 500 चा 84; धाव दोन्हींची 90. 2013 च्या कॉन्टिनेंटल जीटीमध्ये तो 87 वर गेला आणि इंजिन 535 सीसीचे झाले. बजाज पल्सरमध्ये दोन्ही वाटा सापडतात: 180 वरून 200 करताना बोअर 63.5 वरून 67 मिमी केला, 200 वरून 220 करताना बोअर न बदलता धाव 56.4 वरून 62.4 केली.

मर्यादा ठरते ती भिंतीच्या जाडीने. शेव्हरोलेच्या 1955 च्या व्ही-8 ब्लॉकमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांत सुमारे 112 मिमी अंतर होते. तेच अंतर राखून 4.3 लिटरचे इंजिन 1970 पर्यंत 6.6 लिटरचे झाले. तेव्हा बोअर जवळपास 105 मिमी होता, आणि दोन सिलिंडरांमध्ये पाणी खेळायला जागाच उरली नाही. गॅरेजमध्ये भिंत पुरत नसेल, तर जुनी स्लीव्ह काढून मोठी बसवतात. टू-स्ट्रोकमध्ये नव्या स्लीव्हची पोर्टे जुन्यांशी तंतोतंत जुळावी लागतात. त्यांच्या कडा घासून बोथट केल्या नाहीत, तर रिंग अडकून तुटते. हेड तसेच राहिले, की दाबगुणोत्तर वाढते आणि इंजिन ठोके देऊ लागते. कार्बोरेटरचा जेटही बदलावा लागतो.

अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही.