मुंबई शहर उत्तर : एका द्विसदस्य मतदारसंघाचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील खुटबाव हे गाव सध्या बारामती लोकसभा मतदारसंघात मोडते. त्याच जिल्ह्यातील खेड हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला आणि त्याच्या जागी शिरूर या नावाचा मतदारसंघ अस्तित्वात आला. गावाची शीव पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते. मतदारसंघाची शीव मात्र एका आदेशाने हलते. तथापि ग्रामीण भागात या स्थित्यंतराची खूण निदान तालुक्याच्या नावात टिकून राहते. मोठ्या शहरात तीही राहत नाही. तेथील मतदारसंघांना दिशांची नावे दिलेली असतात, आणि त्या दिशा दर पुनर्रचनेस नव्याने मोजल्या जातात. ‘मुंबई शहर उत्तर’ हे याचे ठळक उदाहरण होय. या नावाखाली १९५२ साली जो मतदारसंघ होता, तो १९५७ साली उरला नाही. नाव राहिले, पण ते उपनगरांकडे सरकले आणि तेथून व्ही. के. कृष्ण मेनन १९५७ व १९६२ साली निवडून आले. मूळ मतदारसंघातील गिरणगावाचा मोठा भाग ‘मुंबई शहर मध्य’ या नव्या नावाखाली गेला. प्रस्तुत विवेचन त्या पहिल्या, अवघी पाच वर्षे टिकलेल्या मतदारसंघाविषयी आहे. त्याचे स्मरण होते ते बहुधा एकाच कारणाने : भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर यांचा पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत येथे पराभव झाला. या पराभवाची मीमांसा सामान्यतः व्यक्ती व पक्ष यांच्या अंगाने केली जाते. ती चुकीची नव्हे, पण अपुरी आहे. मतदारसंघाची रचना व मते देण्याची पद्धती लक्षात घेतल्यावाचून हा निकाल उलगडत नाही.

या रचनेचे मूळ पुण्यातच, येरवड्याच्या कारागृहात, शोधावे लागते. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्या निवाड्याने अस्पृश्यवर्गास स्वतंत्र मतदारसंघ आणि सर्वसाधारण मतदारसंघातही मत, असे दुहेरी मत दिले होते. गांधीजींनी २० सप्टेंबर रोजी उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. निवाड्यातील ७१ जागांच्या ऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. त्याचबरोबर मतदारसंघ संयुक्त झाले. संख्या दुपटीहून वाढली, पण अस्पृश्यांच्या जागेवर कोणी बसावे याचा अंतिम निर्णय सर्व हिंदू मतदारांच्या हाती गेला. यावर उतारा म्हणून करारात प्राथमिक निवडणुकीची योजना होती : अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडावेत आणि त्यांतूनच एकाची निवड संयुक्त मतदारसंघाने करावी. ही योजना मुदतीची होती. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत ती आली नाही. राखीव जागा मात्र आल्या, आणि त्याही प्रारंभी दहा वर्षांपुरत्याच.

करारानंतरची पहिली कसोटी १९३७ साली लागली. मुंबई शहरातील भायखळा-परळ या बहुसदस्य मतदारसंघातून डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर पळवणकर बाळू या विख्यात क्रिकेटपटूस उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. या विजयाचे श्रेय नेतृत्वास देताना एक तांत्रिक बाब नजरेआड होते. १९३५ च्या कायद्याखाली मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत संचयी मतदान होते. म्हणजे मतदारास जितक्या जागा तितकी मते असत, आणि ती सर्व मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा त्याला असे. संख्येने अल्प, पण निष्ठेने एकवटलेल्या समाजास या पद्धतीत आपले वजन अनेक पटींनी वाढविता येई.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ही मुभा काढून घेतली. अनेक सदस्यांच्या मतदारसंघात मतदारास जागांइतकी मते मिळत, परंतु एका उमेदवारास एकाहून अधिक मत देता येत नसे; दिल्यास एकच मोजावे व उरलेले बाद करावे असा नियम झाला. मोजणीचा क्रमही ठरलेला होता. प्रथम अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी ज्यास सर्वाधिक मते त्यास राखीव जागा द्यावयाची, आणि मग राहिलेल्या सर्व उमेदवारांतून सर्वसाधारण जागा भरावयाची. पहिल्या लोकसभेच्या ४८९ जागांसाठी जे मतदारसंघ आखले गेले, त्यांत ३१४ एकसदस्य, ८६ द्विसदस्य व एक त्रिसदस्य होता. मुंबईच्या बेट-शहरात दोन मतदारसंघ झाले : दक्षिणेचा एकसदस्य, जेथून स. का. पाटील निवडून आले, आणि उत्तरेचा द्विसदस्य, ज्यातील एक जागा राखीव होती.

उत्तरेतील लढत तिरंगी म्हणता येईल अशी होती, जरी उमेदवार आठ होते. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी व नारायण सदोबा काजरोळकर ही एक जोडी. सप्टेंबर १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिलेले डॉ. आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे आणि अशोक मेहता समाजवादी पक्षातर्फे, अशी युतीची दुसरी जोडी. तिसऱ्या बाजूस कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे. जानेवारी १९५२ मध्ये निकाल लागला. गांधी यांना १,४९,१३८, मेहता यांना १,३९,७४१, काजरोळकर यांना १,३८,१३७, आंबेडकरांना १,२३,५७६ आणि डांगे यांना ९६,७५५ मते मिळाली.

हे आकडे नीट वाचण्याजोगे आहेत. पहिली गोष्ट, मतांच्या अनुक्रमात अशोक मेहता दुसरे होते, तरी दोन जागांच्या या मतदारसंघात ते पराभूत झाले. काजरोळकरांना त्यांच्याहून १,६०४ मते कमी होती, पण ते राखीव जागेचे सर्वाधिक मतांचे उमेदवार ठरले आणि मेहतांची गाठ केवळ गांधींशी पडली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. काँग्रेसच्या जोडीतील अंतर ११,००१ मतांचे आहे. युतीच्या जोडीतील अंतर १६,१६५ मतांचे. दोन्हीकडे सर्वसाधारण जागेच्या उमेदवारास अधिक व अनुसूचित जातीच्या उमेदवारास कमी मते पडली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पक्षनिष्ठेने जे अंतर भरून निघावयास हवे होते ते कोणत्याही बाजूस पुरते भरले नाही. मात्र काँग्रेसच्या यंत्रणेस ते राखीव जागा जिंकण्याइतके आवरता आले, युतीस आले नाही. मेहतांना जितकी मते पडली तितकीच आंबेडकरांना पडली असती, तर ते त्याच १,६०४ मतांनी विजयी झाले असते. प्रत्यक्षात त्यांचा पराभव १४,५६१ मतांनी झाला. मतपत्रिका गुप्त असल्यामुळे कोणत्या मतदाराने कोणती जोडी केली हे आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही. फेडरेशनची मते मेहतांकडे गेली आणि समाजवाद्यांची आंबेडकरांकडे तितकी आली नाहीत, हा त्या काळापासून चालत आलेला तर्क या आकड्यांशी विसंगत नाही, एवढेच म्हणता येईल.

तिसरा प्रश्न बाद मतांचा. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर खूण करावयाची नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे आणि मतदार आपली पत्रिका त्या पेटीत टाकी. द्विसदस्य मतदारसंघात दोन पत्रिका हाती येत व त्या दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकणे अपेक्षित असे. नवसाक्षर, किंबहुना निरक्षर मतदारास ही रीत समजणे सोपे नव्हते. परंतु येथे केवळ अज्ञानाचा प्रश्न नव्हता. आपल्या उमेदवाराच्या विरोधकास दुसरे मत मिळू नये म्हणून ते जाणूनबुजून वाया घालविणे हे या पद्धतीतील एक शस्त्रच होते. आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक रद्द व्हावी म्हणून अर्ज केला. त्यात ७४,३३३ मतपत्रिका बाद ठरल्याचे दाखविले होते आणि दोन्ही मते एकाच उमेदवारास देण्याचा प्रचार विरोधकांनी, विशेषतः डांगे यांच्या बाजूने, केल्याचा आरोप होता. अर्जास यश आले नाही आणि काजरोळकर १९५७ पर्यंत सदस्य राहिले. बाद पत्रिकांची ही संख्या पराभवाच्या अंतराच्या पाचपट आहे. तरी त्या सर्व आंबेडकरांच्या होत्या असे समजणे बरोबर नाही. बाद झालेली दुसरी पत्रिका ही ज्याला पहिली पडली त्याचीच असते. ती अन्य कोणाची झाली असती की नाही, हे केवळ अनुमान. मात्र १९३७ च्या नियमाखाली याच पत्रिका वैध ठरल्या असत्या. एकाच पेटीत दोन मते टाकणे हा पंधरा वर्षांपूर्वी हक्क होता. आता तो दोष झाला होता.

या पद्धतीत फेडरेशनला यश मिळणे अशक्य होते असे मात्र नव्हे. १९५२ साली त्या पक्षाचे दोन उमेदवार लोकसभेवर निवडून आले, आणि दोन्ही द्विसदस्य मतदारसंघांतून. सोलापुरास शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे व फेडरेशनचे पां. ना. राजभोज हे दोघे विजयी झाले. हैदराबाद संस्थानातील करीमनगरास एम. आर. कृष्ण यांना डाव्या आघाडीच्या उमेदवाराबरोबर यश मिळाले. जेथे सहकारी पक्षाचा मतदार दुसरे मतही शिस्तीने देतो तेथे राखीव जागा जिंकता येते, जेथे देत नाही तेथे नेत्याची थोरवी उपयोगी पडत नाही. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीने हेच पुन्हा दाखविले. तेथेही दोन जागा होत्या आणि आंबेडकर व मेहता तेथेही एकत्र लढले. या वेळी मेहता निवडून आले. आंबेडकर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले. दरम्यान १९५२ मध्येच ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले होते, पण लोकसभेत ते कधीच बसू शकले नाहीत.

या अनुभवाचा ठसा त्यांच्या पुढील विचारावर उमटलेला दिसतो. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या भाषिक राज्यांविषयीच्या पुस्तकात त्यांनी अल्पसंख्यांच्या संरक्षणासाठी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि त्यांत संचयी मतदान, अशी सूचना केली. द्विसदस्य मतदारसंघाने ज्यांचा पराभव केला त्यांनीच अनेक सदस्यांच्या मतदारसंघाचा पुरस्कार करावा, हे वरवर चमत्कारिक वाटते. पण त्यांचा आक्षेप सदस्यसंख्येवर नसून मते वाटण्याच्या सक्तीवर होता हे येथे स्पष्ट होते. त्याच वर्षी फेडरेशनने कायदेमंडळातील राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. राखीव जागेवरील प्रतिनिधी ज्यांच्यासाठी ती जागा राखलेली आहे त्यांना उत्तरदायी राहत नाही, ही १९३२ पासूनची तक्रार त्यामागे होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांत दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली. मुंबई शहर मध्य हा नवा मतदारसंघही द्विसदस्यच होता. मते देण्याचा नियमही तोच होता. बदलले होते ते वातावरण. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने गिरणगाव ढवळून निघाले होते, आणि समितीच्या छत्राखाली कम्युनिस्ट व फेडरेशन एकत्र आले होते. डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने असे दोघेही निवडून आले. ज्या डांग्यांच्या बाजूवर पाच वर्षांपूर्वी दुसरे मत वाया घालविल्याचा आरोप होता, त्यांच्याच जोडीने फेडरेशनला मुंबईतील राखीव जागा मिळाली. इतिहासात असे योग येतात. त्यात कोणाचे मनःपरिवर्तन शोधण्यापेक्षा भाषिक प्रश्नाने वर्ग व जात यांच्या सीमा काही काळ पुसल्या, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

द्विसदस्य पद्धतीचा शेवट मुंबईमुळे झाला नाही. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम या मतदारसंघात अनुसूचित जमातींसाठी एक जागा राखीव असताना दोन्ही जागा जमातींच्याच उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने १९५९ मध्ये असा निर्णय दिला, की राखीव जागेचा उमेदवार मतांच्या बळावर सर्वसाधारण जागाही घेऊ शकतो. १९५२ मध्ये राखीव जागेच्या मोजणीने अशोक मेहतांना बाहेर ठेवले, तेव्हा नियमाविषयी फारसा गवगवा झाला नव्हता. आता या पद्धतीविषयीचे असमाधान सर्वत्र वाढले, आणि १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ मोडून त्यांचे एकसदस्य भाग पाडण्यात आले. आंबेडकरांनी सुचविलेला मार्ग याच्या नेमका उलट होता. त्याचा विचार झाला नाही.

मुंबई शहर मध्यचेही दोन तुकडे झाले. १९६२ साली त्यातील ‘मध्य उत्तर’ मधून काजरोळकर आणि ‘मध्य दक्षिण’ मधून विठ्ठल बाळकृष्ण गांधी निवडून आले. दहा वर्षांपूर्वी एकाच मतदारसंघात जोडीने जिंकलेले हे दोघे आता शेजारच्या दोन मतदारसंघांचे स्वतंत्र प्रतिनिधी होते. १९६७ च्या निवडणुकीस नकाशा पुन्हा बदलला. ‘मुंबई शहर’ हे उपपद गळाले, ईशान्य व वायव्य अशा नव्या दिशा आल्या आणि ‘मुंबई शहर उत्तर’ हे नाव यादीतून गेले.