दक्षिण कोंकणांतील कार्तिकी जत्रा व संकासुराचें सोंग

(१)

भाताची कापणी आटोपून मळणी उरकली, म्हणजे दक्षिण कोंकणांत जत्रांचे दिवस सुरू होतात. कार्तिक शुद्ध एकादशीस देव उठतात, त्रिपुरारी पौर्णिमेस देवळांपुढील दीपमाळा उजळतात, आणि सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा याच सुमारास भरते. तेथून पुढें वेंगुर्लें, सावंतवाडी, कुडाळ, मालवण या तालुक्यांत, तसेंच गोमंतकाच्या पेडणें, डिचोली, सत्तरी या भागांत, आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं, देवाची पालखी फिरल्यावर पहांटेपर्यंत दशावतारी खेळ चालतो. लोकांच्या बोलींत याचें नांव धयकालो. कारण पहांटे दहींहंडी फुटून काला झाला, म्हणजेच तो खेळ पुरा झाला असें समजतात.

या खेळांत रात्रीचा बहुतेक काळ रामायण, महाभारत अथवा पुराणें यांतील एखाद्या आख्यानाकडे जातो, आणि पाहणाऱ्याचें लक्षही तिकडेच असतें. आख्यानापूर्वीं जो भाग होतो त्याला आडदशावतार म्हणतात. तो केवळ प्रस्तावना होय, अशी समजूत आहे. प्रस्तुत लेखकास याच्या उलट वाटतें. आडदशावतार, आणि त्यांतही संकासुराचें सोंग, हेंच या खेळाचें मूळ अंग असून, हा खेळ कार्तिकांतच कां सुरू होतो याचा उलगडा त्यांतूनच होण्याजोगा आहे. त्याचीं कारणें पुढें क्रमानें मांडितों.

(२)

प्रथम काळाचा विचार करूं. राजापूर तालुक्यांतील आडिवरें येथील श्यामजी नाईक काळे यांनीं इ. स. १७२८ च्या सुमारास हा खेळ कर्नाटकांतून आणून कोंकणांत रूढ केला, अशी परंपरा सांगण्यांत येते. ही परंपरा खोटी मानण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्यावरून दशावतारी खेळाचा जन्मच १७२८ सालीं झाला असें म्हणतां येणार नाहीं. श्रीसमर्थांनीं दासबोधाच्या सहाव्या दशकांतील आठव्या समासांत दशावतारी खेळाचा दृष्टान्त घेतला आहे. खेळांत सुंदर स्त्रिया येतात, नेत्रकटाक्ष करितात, परंतु ते सारे वस्तुतः पुरुष असतात, असा त्याचा आशय आहे. याच दशकाच्या चौथ्या समासांत कलियुगाचीं ४७६० वर्षें झाल्याचें सांगितलें आहे. म्हणजे तो काळ शके १५८१, इ. स. १६५९ हा येतो. तेव्हां आडिवऱ्याच्या परंपरेपूर्वीं सुमारें ७० वर्षें, पुरुषांनीं स्त्रीवेष घेऊन करावयाचा दशावतारी खेळ मराठी श्रोत्यांच्या इतका परिचयाचा होता, कीं दृष्टान्तास तेवढा उल्लेख पुरेसा झाला. दृष्टान्त नेहमीं माहितीच्या गोष्टीचाच देतात.

मात्र या उल्लेखावरून तो खेळ कोणत्या प्रांतीं होत असे, हें निघत नाहीं. म्हणून दोन्ही गोष्टींचा मेळ असा घालतां येतो: दशावतारी खेळ ही जात जुनी, आणि दक्षिण कोंकणांत तिला जें ठराविक रूप आलें, त्याच्याशीं श्यामजी नाईकांचें नांव जोडलें गेलें.

(३)

आतां आडदशावताराचा क्रम पाहूं. प्रथम नाईक, म्हणजे सूत्रधार, मृदंग, झांज व पायपेटी यांच्या साथीनें गातो. मग ऋद्धिसिद्धींसह गणपति येतो. त्याच्या पूजेस ब्राह्मण येतो व त्याच्या फजितीनें हंशा पिकतो. पुढें मयूरवाहिनी सरस्वती नृत्य करून जाते. शेवटीं काळ्या वेषांतील संकासूर येतो. इतर पात्रें प्रौढ भाषा बोलतात, हा मात्र मालवणींत बोलतो, आणि गांवच्या मानकऱ्यांपासून सर्वांची थट्टा करितो. त्यानें वेद चोरलेले आहेत. विष्णु प्रकट होतो, युद्ध होतें, संकासूर मारला जातो, आणि मगच आख्यानास आरंभ होतो.

संस्कृत नाट्यशास्त्राच्या अभ्यासकास येथें पूर्वरंगाचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. भरतानें पांचव्या अध्यायांत पूर्वरंगाचीं अंगें सांगतांना त्रिगत नांवाचें एक अंग सांगितलें आहे. त्यांत सूत्रधार, पारिपार्श्विक व विदूषक यांचा विनोदी संवाद असतो. नाईक व संकासूर यांचा संवाद त्याच जातीचा दिसतो. परंतु या साम्यानें एकच गोष्ट कळते, ती ही कीं आरंभीं हास्यसंवाद असावा हा संकेत प्राचीन आहे. विदूषकाच्या जागीं वेद चोरणारा असुरच कां यावा, हें त्यानें कळत नाहीं. त्यासाठीं पुराणांकडे वळलें पाहिजे.

(४)

दशावतारांत मत्स्य हा पहिला, म्हणून त्याची कथा आधीं आली, असें उत्तर सहज सुचतें. परंतु श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधांतील चोविसाव्या अध्यायांत मत्स्यावताराची कथा आहे, आणि तेथें वेद हरण करणाऱ्या दैत्याचें नांव हयग्रीव आहे. संकासूर हें नांव उघडपणें शंखासुराचें आहे. आणि शंखाची कथा विस्तारानें आली आहे ती पद्मपुराणाच्या उत्तरखंडांतील कार्तिकमाहात्म्यांत.

ती कथा थोडक्यांत अशी. सागराचा पुत्र शंख यानें देवांस जिंकलें. मंत्र हेंच देवांचें बळ आहे हें जाणून तो वेद हरण करावयास गेला; तेव्हां वेद भिऊन उदकांत शिरले. विष्णु निद्रिस्त होता. देवांनीं गीतें व वाद्यें यांच्या घोषानें त्याला जागविलें. संतुष्ट होऊन त्यानें वर दिला, कीं रात्रीच्या शेवटीं असें गीतवाद्य करणारे मला प्रिय होतील. नंतर मत्स्यरूप घेऊन त्यानें शंखाचा वध केला, आणि उदकांत विखुरलेले वेद शोधून आणण्यास ऋषींस सांगितलें.

कोंकणांतील कार्तिकी जत्रेशीं ही कथा ताडून पाहावी. देव जागे होण्याचा मास एकच. रात्रभर गीतवाद्यानें जागरण आणि पहांटे समाप्ति, हा प्रकारही एकच. असुराचें नांव तेंच. देव उठल्यानंतर शंखाचा वध झाला, हा कथेंतील क्रम आहे. आणि प्रबोधिनी होऊन गेल्यावर संकासुराचें सोंग रंगणांत येतें, हा जत्रेंतील क्रम आहे. कार्तिकमाहात्म्य घरोघरीं व देवळोदेवळीं वाचण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. जी कथा दिवसां पुराणिकाच्या मुखें ऐकावयाची, तीच रात्रीं सोंगांच्या द्वारें पाहावयाची, असा हा संबंध असावा असें आम्हांस वाटतें. शेतीच्या कामांतून मोकळीक व कोरड्या झालेल्या वाटा हीं कारणें खरींच आहेत. परंतु त्यांवरून खेळ केव्हां करणें सोयीचें, एवढेंच कळतें. त्यांत प्रथम कोणतें सोंग आणावें हें कळत नाहीं.

(५)

या मतावर एक वजनदार आक्षेप येतो. उत्तरेकडे रत्नागिरी जिल्ह्यांत शिमग्याच्या खेळ्यांत व नमनांतही संकासूर असतो. तोही काळा वेष घालितो व लोकांस हंसवितो. तेथें मास फाल्गुन. कार्तिकाचा कांहीं संबंध नाहीं. मग संकासूर हें कोंकणांतील एखादें जुनें लौकिक सोंग असून त्यावर पुराणकथा मागाहून चढली, असें कां म्हणूं नये?

तें शक्य आहे, हें मान्य केलें पाहिजे. तथापि शिमग्यांतील संकासूर हा मुख्यतः नाचणारा व थट्टा करणारा. दशावतारांत त्याला वेदहरण आणि विष्णूकडून मरण असें सबंध कथानक आहे. सोंग लौकिक असलें, तरी त्याला हें कथानक जोडून देवळाच्या वार्षिक उत्सवांत आणणाऱ्याच्या डोळ्यांपुढें शंखासुराची कथा होती, एवढें तरी निश्चित. वरील मत हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे. आणि प्रमाण मिळेल तें कागदांतूनच मिळेल.

(६)

कागदांची गोष्ट निघाली म्हणजे संग्राहकांपुढें एक अडचण उभी राहते. दशावतारी आख्यानाला लिखित संहिता नसते. कथा ठरते, पात्रें वांटली जातात, आणि भाषणें नट रंगणांतच रचितात. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारीं झालेलीं मराठी नाटकें पोथ्यांत उतरलीं, म्हणून तीं सरस्वतीमहालांत आजही आहेत. गांवच्या देवळांतील नाटक पोथीबाहेर राहिलें. विष्णुदास भाव्यांची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. कर्नाटकांतील भागवत मंडळींचे खेळ १८४२ सालीं सांगलीस झाले, आणि चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेवरून भाव्यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं, म्हणजे शरदांतच, सीतास्वयंवर केलें. त्यांच्याही नाटकांत पद्यें तेवढीं लिहिलेलीं. गद्य भाषणें नटांचीं. म्हणून १८८५ सालीं छापलेला त्यांचा नाट्यकवितासंग्रह पद्यांचाच आहे.

यावरून शोधाची दिशा कळते. आख्यानाची पोथी शोधण्यांत श्रम घालवूं नयेत. शोधावीं तीं नाइकांच्या घरचीं पदांचीं बाडें; देवस्थानचे जमाखर्च, त्यांत काला, दहीकाला, खेळे अशा नांवांनीं पडलेल्या रकमा; पालखीच्या व विड्याच्या मानावरून झालेल्या तंट्यांचे निवाडे; आणि कार्तिकमाहात्म्याच्या पोथ्यांच्या पुष्पिका, कारण तेथें लेखनाचा शक, गांव व देवळाचें नांव असण्याचा संभव अधिक. शोधतांना जुन्या सरहद्दी ध्यानांत ठेवाव्या. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं झाला. त्यापूर्वींचे कागद रत्नागिरीच्या व सावंतवाडी संस्थानच्या दप्तरांत पाहिले पाहिजेत. पेडणें महाल १७८८ पर्यंत सावंतांकडे होता व पुढें पोर्तुगीजांकडे गेला. त्याचे मागील कागद एकीकडे व पुढील दुसरीकडे मिळतील. दक्षिण कोंकणांतील १७२८ पूर्वींची एक जरी मितीवार नोंद हातीं आली, तरी आडिवऱ्याच्या परंपरेचा निकाल लागेल.

परंतु कागद थांबूं शकतात. दुसरी गोष्ट थांबणारी नाहीं. अलीकडे प्रेक्षकांची ओढ ट्रिकसीनच्या खेळांकडे आहे. दिव्यांच्या व धुराच्या चमत्कृतींनीं आख्यान लांबतें, आणि वेळ वांचविण्यासाठीं कात्री लागते ती आडदशावतारास. पुष्कळ ठिकाणीं गणपतीचें दर्शन होतांच आख्यान सुरू होतें. सरस्वती व संकासूर गाळले जातात. मंडळींस दोष देण्याचें कारण नाहीं; त्यांचा चरितार्थ प्रेक्षकांवर आहे. पण नाइकांच्या कंठांत असलेलीं आरंभींचीं पदें, त्यांचे राग व ताल, मृदंगाचे बोल आणि संकासुराच्या प्रश्नोत्तरांचा सांचा, हीं बाडांतही पुरतीं उतरलेलीं नसतात. ज्यांस जत्रेस जाणें शक्य आहे त्यांनीं संबंध आडदशावतार ध्वनिमुद्रित करावा, आणि गांव, तिथि व मंडळीचें नांव यांसह त्याची प्रत एखाद्या संग्रहांत ठेवावी.

कार्तिकमाहात्म्यांत पुढें असें सांगितलें आहे, कीं उदकांत विखुरलेल्या वेदांचा जेवढा भाग ज्या ऋषीस सांपडला, तेवढ्याचा तो ऋषि झाला. ज्यांस जेवढें सांपडेल त्यांनीं तेवढें उचलून ठेवावें, आणि त्याची वार्ता या त्रैमासिकाकडे कळवावी, एवढीच विनंति आहे.