आवाजाचे आकडे झाले, त्याची गोष्ट

ट्रंक कॉलचा काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल, परगावी फोन लागला की घरातलं माणूस ओरडूनच बोलायचं. बारशाची बातमी आत्याच्या आधी शेजाऱ्यांना कळायची! पण त्या ओरडण्याला कारण होतं. तारेतून आवाज जायचा तो लाटेच्या रूपात. आपण बोलू तसा विजेचा प्रवाह कमीजास्त व्हायचा. लांब जाताजाता तो क्षीण होई, म्हणून वाटेत तो वाढवणारी यंत्रं बसवलेली असत. यंत्राला बोलणं कुठलं आणि खरखर कुठली हे काय कळणार? ते दोन्ही वाढवायचं. दहा ठिकाणी वाढवलं की दहा ठिकाणची खरखर साठायची.

यावर वेगळाच उपाय सुचला तो ॲलेक रीव्हज या इंग्रज इंजिनिअरांना, १९३७ साली. तेव्हा ते पॅरिसमध्ये आयटीटी या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी ठरवलं, लाट पाठवायचीच नाही. तिची मापं घ्यायची आणि मापांचे आकडे पाठवायचे.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. मुक्तहस्त वेलबुट्टी एकीची बघून दुसरीनं काढली, दुसरीची बघून तिसरीनं, तर दहाव्या अंगणात ती ओळखूही येणार नाही. पण ‘तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या ठिपक्यापासून रेघ ओढ’ असं सांगत गेलं, तर दहाव्या अंगणातही तीच रांगोळी उमटते. रीव्हज यांनी आवाजाला असे ठिपके दिले. प्रत्येक आकडा विजेच्या ठोक्यांनी सांगायचा: ठोका आहे किंवा नाही. वाटेतल्या यंत्राला एवढंच ओळखायचं, आणि ठोका असेल तर नवाकोरा ठोका पुढे पाठवायचा. खरखर मागेच राहते. या पद्धतीला पल्स कोड मॉड्युलेशन, म्हणजे पीसीएम, म्हणतात.

लाट दोन ठिपक्यांच्या मधे पडली, तर जवळचा ठिपका धरावा लागतो. म्हणजे थोडी फसवणूक आलीच. हळू आवाजात ती जास्त जाणवते, म्हणून पुढे हळू आवाजासाठी ठिपके दाट ठेवायची पद्धत आली. मला ही युक्ती फार आवडते. मोठ्यानं बोलणाऱ्याचं कसंही भागतं.

१९३८ मध्ये फ्रान्समध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, पण यंत्र करायचं कशाचं? तेव्हा काचेच्या व्हॉल्व्ह होत्या. महाग, तापणाऱ्या, आणि एका संभाषणाला ढीगभर लागणाऱ्या. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि रीव्हज यांना पॅरिस सोडावं लागलं. युद्धात अमेरिकेनं गुप्त संभाषणासाठी आवाजाचे आकडे करणारं यंत्र उभारलं, त्याचं वजन पन्नास टनांच्या वर होतं! असलं यंत्र गावोगावच्या एक्स्चेंजमध्ये कोण ठेवणार? १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि १९६२ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीनं तारांच्या दोन जोड्यांवरून एकाच वेळी २४ संभाषणं अशा पद्धतीनं पाठवायला सुरुवात केली. तोवर रीव्हज यांच्या पेटंटची मुदत संपली होती. १९६९ मध्ये ब्रिटिश टपालखात्यानं पीसीएमवर तिकीट काढलं. दोन वर्षांनी रीव्हज गेले.

आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. खेड्यासाठी तिनं केलेलं छोटं डिजिटल एक्स्चेंज वातानुकूलन नसलं तरी धुळीत, उकाड्यात चालायचं. परदेशी एक्स्चेंजना थंडगार खोली लागे. आपल्या खेड्यात आधी वीज तरी कुठे धड होती?

एक गोष्ट मात्र जुन्या तारेकडून तशीच आली. तारेवर जास्त संभाषणं बसावीत म्हणून आवाजातला सेकंदाला साधारण ३,४०० कंपनांच्या वरचा भाग आधीपासूनच कापला जात होता. पीसीएमनं तेवढंच माप धरलं. लाट नीट पकडायची तर सर्वांत वेगवान कंपनांच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून सेकंदाला ८,००० मापं ठरली. पण ‘स’मधला सळसळाट बराचसा त्या कापलेल्या भागातच असतो. म्हणून तर फोनवर नाव सांगताना ‘साताऱ्यातला स’ म्हणावं लागतं. आता मोबाइलवर ७,००० कंपनांपर्यंतचा आवाज पाठवायची सोय आलीय. मात्र दोन्हीकडचे फोन आणि मधलं नेटवर्क, तिघांनाही ते जमायला हवं.