‘नटसम्राट’मधले डॉ. श्रीराम लागू : कौतुक नेमकं कशाचं?

मराठी रंगभूमीवर अभिनयाची चर्चा निघाली की डॉ. श्रीराम लागू (१९२७-२०१९) यांच्या अप्पासाहेब बेलवलकरांचं नाव हमखास निघतं. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ या नाटकातली ही भूमिका. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. निर्मिती दि गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं आणि कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. म्हणजे या यशात गोमंतकीयांचाही वाटा आहे.

साताऱ्यात जन्मलेले लागू पेशाने कान-नाक-घसा तज्ज्ञ. १९६९मध्ये चालता व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नाटकात आले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच ही भूमिका मिळाली. रंगमंचावरचा थकलेला म्हातारा साकारताना त्यांचं स्वतःचं वय होतं अवघं ४३!

भूमिका अवघड का? कारण इथे नटाला नटच उभा करायचा असतो. निवृत्त अप्पासाहेब सगळी मिळकत मुलांना वाटून टाकतात. मग मुलाकडे अपमान, मुलीकडे चोरीचा आळ आणि शेवटी रस्ता. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया इथे स्पष्ट आहे. जुन्या भूमिका आठवताना अप्पासाहेबांचा आवाज नाट्यगृह भरून टाकणारा हवा, पण ‘सरकार’ म्हणून बायकोशी बोलताना तोच आवाज घरगुती व्हायला हवा. सगळंच मोठ्याने म्हटलं तर नाटक नुसतं भाषण होतं. सगळंच हळू म्हटलं तर त्यातला ‘सम्राट’ हरवतो. लागूंनी हे दोन आवाज वेगळे ठेवले, हे त्यांच्या कौतुकाचं खरं कारण. लांबलचक स्वगतांत अर्थाच्या जागी थांबणं, श्वासावरचा ताबा आणि शेवटच्या ओळींपर्यंत ऐकू येणारा स्पष्ट उच्चार, यांचीही वाखाणणी झाली.

त्यांची शब्दफेक जड वाटते, असा आक्षेपही घेतला गेला. पण बेलवलकर हा जुन्या वळणाचा नट. त्याच्या तोंडी तो भारदस्तपणा शोभून दिसला.

पुढे गोमंतकीय नट मास्टर दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही अप्पासाहेब आपापल्या ढंगात रंगवले. शिरवाडकरांना या नाटकासाठी १९७४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरी नवा नट या भूमिकेत उभा राहिला की प्रेक्षक आधी लागूंशी ताडून बघतात. त्या कामाला मिळालेली सगळ्यात मोठी पावती तीच, आणि पुढच्या प्रत्येक नटाची अडचणही तीच.