दादीची सुई

आमच्या दादीला मधुमेह होता. मी शाळेत असताना कुणीतरी तिला सांगितले, की इन्सुलिन डुकरापासून काढतात. दुसऱ्या दिवशी दादीने सुईच घेतली नाही. अब्बांनी मौलानांना घरी बोलावले. जिवावर बेतले आणि दुसरा इलाज नसला तर शरियत परवानगी देते, असे त्यांनी समजावले. दादीने सुई पुन्हा सुरू केली, पण दर वेळी मान फिरवून.

सांगणारा अगदीच खोटे बोलला नव्हता. 1921 मध्ये कॅनडातल्या टोरोंटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून हे द्रव्य मिळवले. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला गेला. पुढची साठ वर्षे इन्सुलिन आले ते कत्तलखान्यातूनच, गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून. म्हणजे अडचण एकट्या मुसलमानाची नव्हती. गाईला माता मानणाऱ्या शेजाऱ्याचीही होती.

ही अडचण सोडवली ती एका जिवाणूने. 1978 मध्ये अमेरिकेत जेनेंटेक कंपनी आणि सिटी ऑफ होप संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुके प्रयोगशाळेत तयार केली आणि ई. कोलाय या जिवाणूत घातली. हा जिवाणू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो. जिवाणू वाढत गेले आणि इन्सुलिनच्या दोन साखळ्या बनवत गेले. शास्त्रज्ञांनी त्या जोडल्या. 1982 मध्ये हे औषध म्हणून मंजूर झाले. डुकराच्या इन्सुलिनमध्ये माणसाच्या तुलनेत एका अमिनो आम्लाचा फरक असतो, गाईच्या इन्सुलिनमध्ये तिनांचा. जिवाणूने बनवलेले मात्र हुबेहूब माणसाचे. 2003 मध्ये मुंबईच्या वोखार्ट कंपनीने यीस्टच्या मदतीने बनवलेले मानवी इन्सुलिन भारतात आणले.

दादी त्याआधीच अल्लाहला प्यारी झाली.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, नानी सुई घेत नाही. म्हणते, हराम आहे." तीस-पस्तीस वर्षांनी तोच प्रश्न! मी तिच्या वहीत उर्दूत ही सगळी हकीकत लिहून दिली. शेवटी लिहिले, "नानीजान, आजचे बहुतेक इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टपासून बनते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, पण सुई बंद करू नका."

ज्ञान पुढे गेले, पण ते घरापर्यंत पोहोचले नाही, तर त्याची किंमत कुणाची तरी दादी, कुणाची तरी नानी मोजते. ते पोहोचवणे आपले काम आहे.