निदानावर पडलेली सावली

१९८२ साल, अमेरिका. स्टीव्हन रीस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी काही मानसशास्त्रज्ञांपुढे एका माणसाचे वर्णन ठेवले. त्याला एक भीती जडली होती आणि तिच्यापायी त्याचे रोजचे जगणे अवघड झाले होते. वर्णन सर्वांना सारखेच दिले; मात्र काहींना हा माणूस सर्वसाधारण बुद्धीचा असल्याचे सुचवले, तर काहींना तो ‘मतिमंद’ (तेव्हाचा शब्द) असल्याचे.

भीती तीच होती. तरीही दुसऱ्या वाचनात ती मानसिक विकार ठरण्याचे आणि तिला मानसोपचारांची गरज आहे असे वाटण्याचे प्रमाण घटले. ‘तो तसाच आहे’ एवढ्यावर तज्ज्ञांचेही समाधान होत होते. रीस यांनी याला ‘डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग’ म्हटले: एका निदानाची सावली पडून दुसरे दुखणे दिसेनासे होणे.

आजचा थ्रेड या सावलीविषयी. तिचा माग काढत गेलो, तर आपण दवाखान्यात नव्हे, जमिनीच्या दप्तरात जाऊन पोहोचतो.

मध्ययुगीन इंग्लंडमधील ‘दे प्रेरोगातिवा रेगिस’ हा दस्तऐवज राजाचे विशेषाधिकार सांगतो. जन्मतः बुद्धीने अधू असलेल्याची जमीन राजाच्या ताब्यात जाई. त्याच्या पोटापाण्याची सोय लावून उरलेले उत्पन्न राजा घेई. मधेच भान हरपलेल्याच्या जमिनीचे उत्पन्न मात्र राजाला स्वतःसाठी वापरता येत नसे. तो माणूस बरा होईल, तेव्हा शिल्लक त्याच्या हाती पडली पाहिजे. थोडक्यात, एकाच्या बाबतीत बरे होण्याची आशा गृहीत धरली होती, दुसऱ्याच्या बाबतीत नव्हती. ही भेदरेषा महसुलाच्या सोयीची होती, हे विसरू नये.

पुढे तत्त्वज्ञानाने तिला वजन दिले. जॉन लॉकने १६९० मध्ये मांडले ते असे: वेडा चुकीच्या कल्पना एकत्र जोडतो, पण त्यांवरून तर्क मात्र नीट करतो, जन्मतः मंदबुद्धी असलेला तर्क जवळजवळ करतच नाही. आता ज्याला विचारच करता येत नाही असे एकदा ठरले, त्याचे मन बिघडणार तरी कसे? माझ्या मते सावलीची खरी सुरुवात इथे आहे.

१८८६ च्या इडियट्स ॲक्टने इंग्लंडमध्ये अशा लोकांसाठी कायद्यानेही वेगळी वाट आखली. भारतात उलटे झाले. १९१२ च्या इंडियन लूनसी ॲक्टने ‘लूनॅटिक’ या एकाच शब्दात दोघांनाही कोंबले. (आपल्या बोलीतला ‘वेडाखुळा’ हा जोडशब्द तरी याहून काय वेगळे करतो?) १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक अक्षमता मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळली, २०१७ च्या कायद्यानेही तेच केले. तत्त्वतः हे योग्यच, कारण बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नव्हे. मात्र ‘हा आजार नव्हे’ याचा अर्थ ‘यांना आजार होत नाही’ असा लावणे फार सोपे असते.

आणि आजार होतो. १९६४–६५ मध्ये मायकल रटर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावरील शाळकरी मुलांची पाहणी केली. एकूण मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत पालकांच्या माहितीनुसार ते सुमारे ३० टक्के भरले, तर शिक्षकांच्या माहितीनुसार ४२.

सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की विकार दिसत नव्हता, पण औषध मात्र मिळत होते. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन आले आणि मनोविकारांवरील औषधे माणसाला शांत ठेवण्याचे साधन म्हणूनही वापरली जाऊ लागली. डोके भिंतीवर आपटणाऱ्याचा कान दुखत असेल, दात किडला असेल, जवळचे कोणी वारले असेल. गोळीला या चौकशीची गरज नसते. हा फार जुना इतिहासही नव्हे. २०१५ मधील सरकारी अंदाजानुसार एकट्या इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या ३०,००० ते ३५,००० व्यक्ती योग्य वैद्यकीय कारणाविना मनोविकारांवरील किंवा नैराश्यावरील औषधे घेत होत्या. ती कमी करण्यासाठी पुढच्याच वर्षी तेथे ‘स्टॉम्प’ ही मोहीम सुरू करावी लागली.

यातून वाट काढणारा एक प्रयत्न मला विशेष आवडतो. १९९० च्या दशकात मँचेस्टरमध्ये स्टीव्ह मॉस आणि सहकाऱ्यांनी ‘पास-ॲड’ ही मुलाखतपद्धती तयार केली. तिच्यात सांभाळ करणाऱ्यांना विचारतातच, पण त्या व्यक्तीलाही स्वतंत्रपणे विचारतात. ‘गेल्या चार आठवड्यांत’ हा हिशेब अनेकांना जमत नाही. म्हणून आधी तिच्या आयुष्यातला त्या सुमाराचा एखादा लक्षात राहिलेला प्रसंग शोधायचा, वाढदिवस म्हणा किंवा सहल म्हणा, आणि मग विचारायचे: त्या दिवसापासून झोप कशी लागते?