चाक आणि वाट

जुन्नरहून पश्चिमेकडे निघालेली जुनी वाट सह्याद्रीच्या कड्यावर जेथें संपते, त्या खिंडीस नाणेघाट म्हणतात. खिंडीच्या तोंडाशीं दगडाचा एक मोठा रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यांत टाकीत असत, अशी परंपरा सांगते. जवळच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिच्या नांवाशीं निगडित असलेला ब्राह्मी लेख असून, त्यांत यज्ञप्रसंगीं दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणीं यांची मोजदाद आहे. इतकी संपत्ति ज्या घाटावरून आली-गेली, तो घाट गाडी चढण्याजोगा मात्र कधींच नव्हता. दगडी पायऱ्या आणि अरुंद वळणें यांवरून चालला तो बैल, गाढव आणि हमाल. चाकाची माहिती नसल्यामुळें हें घडलें नाहीं. वाटेनें चाक नाकारलें म्हणून घडलें. चाक गाडीचें खरें, पण त्याची निवड वाट करते, हा नियम या घाटानें जणूं दगडांतच कोरून ठेवला आहे.

देशावरील सपाटीचा प्रकार याहून निराळा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेंत पैठण व तगर, म्हणजे आजचें तेर, येथील माल गाड्यांवर लादून बिकट मुलुखांतून भडोचेस नेत असत, असा उल्लेख आहे. सपाटीवर गाडी आणि घाटांत पाठीवरची गोणी, अशी ही कामाची वांटणी होती. सपाटीवरही चाकाला एक शत्रु होताच. रशियन प्रवासी अफनासी निकितिन हा १५ व्या शतकांत एक घोडा बरोबर घेऊन जुन्नरास आला आणि त्यानें पावसाळा तेथेंच काढला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, अशी त्याची नोंद आहे. परक्या प्रवाशानें एका हंगामापुरता पाहिलेला हा चिखल येथील शेतकऱ्यांच्या व सुतारांच्या नशिबीं दर वर्षींच होता, आणि त्यांचें चाक त्या चिखलाच्या हिशेबानें घडत होतें.

बैलगाडीचें चाक म्हणजे सुतार व लोहार या दोन बलुतेदारांचें संयुक्त काम. मध्यें तुंबा, त्यांतून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेल्या वांकड्या लांकडांची कड आणि त्या कडेवर घट्ट बसलेली लोखंडी पट्टी, अशी त्याची रचना. या पट्टीला मराठींत 'धांव' हें मोठें अन्वर्थक नांव आहे. धांव मुद्दाम चाकाच्या घेराहून किंचित् लहान ठेवीत. जाळांत ती लाल होईपर्यंत तापवीत. तापून फुगली म्हणजे चिमट्यांनीं उचलून चाकावर चढवीत आणि लगेच वरून पाणी ओतीत. निवतांना ती आकसे आणि सारे सांधे एकमेकांत आवळून धरी. या कामांत तराजू वा मोजपट्टी यांपेक्षां डोळ्यांचा अंदाज अधिक चाले. पण त्या अंदाजामागें पक्कें गणित होतें. मोठें चाक धोंड्यावरून व खड्ड्यावरून सहज जातें, परंतु तें जड व महाग पडतें, आणि गाडी उंच झाल्यानें ती कलंडण्याची भीतिही वाढते. रुंद कड चिखलांत कमी रुतते, पण चाकाचें ओझें वाढविते. अरुंद कड कठीण रस्त्यावर हलकी चालते, पण मऊ जमिनींत सुरीप्रमाणें शिरते. एका बाजूस कांहीं मिळवावयाचें, तर दुसऱ्या बाजूस कांहीं सोडावें लागतें, हें त्या कारागिरांस पुरतें ठाऊक होतें.

१९ व्या शतकांत रस्तेच बदलूं लागले. १८३० सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी पुण्याच्या बाजूस चढूं लागली. देश व कोंकण यांमधील व्यापारानें जेथें चाक चालतें ती वाट धरली. जुन्नरच्या जुन्या वैभवास उतरती कळा लागण्याचीं कारणें अनेक असतील. पण नाणेघाटावरील वर्दळ ओसरली, तीत या चाकाच्या वाटेचा वांटा निश्चित आहे.

याच सुमारास युरोपांत खुद्द चाकाचें स्वरूप पालटत होतें. १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें हवा भरलेल्या रबरी चाकाचें पेटंट घेतलें, पण तें विस्मृतींत गेलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीकरितां तीच कल्पना नव्यानें सिद्ध केली. १८९५ सालीं मिशेलिन बंधूंनीं पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतींत हवेच्या टायरांवर मोटार चालविली. तोंपर्यंत चाक कठीण आणि वाट मऊ असें नातें होतें. आतां चाक मऊ झालें आणि कठीण होण्याची पाळी वाटेवर आली.

हिंदुस्थानांत या दोन चाकांचा झगडा प्रत्यक्ष रस्त्यावर जुंपला. बैलगाडीची लोखंडी धांव खडी चुरडी, आणि वेगानें जाणारा रबरी टायर तो चुरा धूळ करून उडवी. एकाच रस्त्याला दोन युगांचीं चाकें सोसावीं लागत होतीं. १९२७ सालीं रस्त्यांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या समितीचें अध्यक्षपद मुकुंदराव जयकर यांजकडे होतें. पुढें हेच जयकर पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. रस्ते वाढविणें हें प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या आवांक्याबाहेर चाललें असून तो साऱ्या देशाच्या हिताचा प्रश्न आहे, असें या समितीनें १९२८ सालच्या अहवालांत मांडलें. १९२९ सालीं रस्त्यांसाठीं मध्यवर्ती निधि स्थापन झाला व १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वांत आली.

पुढें बैलगाडीनेंही रबरी टायर स्वीकारला. लोकांनीं तिला 'टायरगाडी' म्हटलें. कित्येक ठिकाणीं तर कारखानदाराचेंच नांव गाडीला चिकटून ती 'डनलॉप' झाली. कुकडी, मीना व घोड या नद्यांवर धरणें झालीं, ऊंस वाढला, आणि जुन्नर तालुक्यांतील विघ्नहर व आंबेगांव तालुक्यांतील भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरांत रबरी चाकांची वाहतूक नित्याची झाली. त्याच बैलजोडीस अधिक ओझें ओढतां येऊं लागलें, हा लाभ मोठा होता. पण त्याची किंमतही पडली. चाक गांवांत घडावयाचें थांबून बाजारांतून येऊं लागलें; धांव चढविणारा लोहार आणि आरे ठोकणारा सुतार यांच्या हातचें काम गेलें, आणि चाकासंबंधीं गांवांत असलेली जाणही त्याबरोबर ओसरली.

ही जाण गेल्याचा परिणाम लहान मोटारींच्या युगांत दिसूं लागला. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून मध्यमवर्गाची मोटार बाहेर पडूं लागली. १९८३ च्या डिसेंबरांत १२ इंची चाकांची मारुति ८०० आली आणि मोटार सामान्य कुटुंबाच्या दारीं पोंचली. त्यानंतर मूळचीं पोलादी चाकें काढून त्यांजागीं मिश्रधातूचीं मोठीं, चकचकीत 'अलॉय' चाकें बसविण्याची हौस वाढली. पूर्वीं वाट चाकाची निवड करी. आतां ती दुकानाची कांच करूं लागली.

वस्तुतः टायरच्या बाजूवर छापलेले आंकडे म्हणजे जुन्या सुताराचेंच गणित आहे. १६५/८० आर १४ याचा अर्थ असा कीं, टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ८०, आणि आंतील धातूच्या चाकाचा व्यास १४ इंच. या टायरचा एकूण व्यास सुमारें ६२० मिलिमीटर भरतो. १८५/६५ आर १५ व १९५/५५ आर १६ यांचा व्यासही जवळजवळ तितकाच आहे. म्हणून यांपैकीं एकाच्या जागीं दुसरा बसविल्यास वेगदर्शक कांटा फारसा चुकत नाहीं. व्यास शेंकडा ५ नें वाढला असता, तर कांटा ६० दाखवीत असतां मोटार ६३ च्या वेगानें गेली असती. परंतु व्यास सारखा राहिला तरी बाजूची भिंत १३२ मिलिमीटरांवरून १०७ वर उतरते. खड्ड्याचा धक्का सोसणारी हवेची गादी तेवढी पातळ होते. मग खड्ड्याची कड आणि धातूची कड यांच्या चिमट्यांत सांपडून टायर फाटतो. पोलादी चाक वांकलें तर बहुधा ठोकून सरळ करतां येतें. ओतीव मिश्रधातूचें चाक तडकण्याचा संभव अधिक. रुंद टायर कोरड्या रस्त्याला चांगला धरतो, पण सांचलेल्या पाण्यावर तो अधिक सहज तरंगूं लागतो आणि इंधनही जास्त खातो.

तुंबा कण्यावर नीट बसला पाहिजे, हा दंडकही सुटलेला नाहीं. नव्या चाकाच्या बोल्टांचें वर्तुळ, मधलें भोंक आणि आंत-बाहेर सरकण्याचें माप हीं तिन्ही मूळ मोटारीशीं जुळलीं पाहिजेत. चाक बाहेर सरकलें तर बेअरिंगवर ताण पडतो. आंत सरकलें तर तें वळणावर घासतें. टायरच्या भाराचा आंकडाही पाहावयाचा असतो; ८५ या आंकड्याचा टायर ५१५ किलोंपर्यंत भार घेतो, आणि नवा टायर मूळच्याहून कमी भाराचा असूं नये. शेवटचे चार आंकडे टायरचा जन्मकाळ सांगतात. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. मोटार-वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानेंही कारखानदारानें ठरविलेल्या मूळ मोजमापांस सोडून मोटारींत फेरफार करण्यास मनाई केली आहे.

मंचर, नारायणगांव, आळेफाटा या बाजूस पुणें-नाशिक हमरस्ता आहे. घोडेगांवाहून डिंभ्याकडे वा जुन्नरहून घाटघराकडे वळलें कीं पश्चिमेचा पाऊस, ओला उतार आणि खडबडीत वाट सुरू होते. तीच मोटार, तेंच कुटुंब, एकाच दिवसांत या दोन्ही वाटांवरून जातें. हमरस्त्यावर शोभणारें चाक पश्चिमेच्या उतारावर आंतील माणसांस सुखरूप आणील काय, हा प्रश्न दुकानांतच विचारावयाचा असतो. कांहींशी मोठी भिंत, कारखान्यानें ठरविलेला व्यास, पुरेसा भार आणि ताजा टायर, एवढ्यांत त्याचें उत्तर बहुतेक सामावतें. नाणेघाटाच्या तोंडाशीं व्यापाऱ्यास जकात आधीं मोजावी लागे, मगच वाट मोकळी होई. चाकाची जकातही प्रत्येकास द्यावीच लागते. ती निवडीच्या वेळीं विचारानें दिली तर स्वस्त पडते. घाटांत, पावसांत द्यावी लागली तर तिचा हिशेब रुपयांत होत नाहीं.